पंधरा हजारांच्या आसपास पहिली दुर्बीण: ११४ मिमीची टेबलटॉप डॉब वापरून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. पंधरा हजारांच्या आसपास बजेट असेल आणि पहिलाच टेलिस्कोप घेत असाल तर ११४ मिलिमीटर आरशाची, ५०० मिमी फोकल लेंथची (म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतच्या अंतराची) टेबलटॉप डॉब्सोनियन, म्हणजे टेबलावर ठेवून हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, घ्या, बारीक पायांच्या ट्रायपॉडवरची लांबलचक नळी घेऊ नका, आणि खोक्यावर "५२५ पट" असलं काही छापलेलं दिसलं तर ते खोकं तिथेच ठेवून पुढे चला. आमची दुर्बीण दसऱ्यानंतर घेतली, आता पाऊस तोंडावर आलाय, मधल्या काळात ती पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर आणि गावाकडे माण तालुक्यात अशी दोन्हीकडे भरपूर वापरून झालीये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाच्या दुर्बिणी वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने मिळतात आणि मला जे सांगायचंय ते मापाबद्दल आणि धाटणीबद्दल सांगायचंय.

तर मुद्दा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा, तो म्हणजे स्टँड. भिंग किती मोठं, आरसा किती मोठा हे सगळे विचारतात, स्टँडबद्दल कुणी विचारतच नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका आहेत, त्यांच्याकडे ७० मिमीची लेन्सवाली दुर्बीण आहे, ७०० मिमी लांबीची, आणि खरं सांगायचं तर तिची काच चांगली आहे, चंद्र त्यातून स्वच्छ दिसतो. पण ती बसवलीये कॅमेऱ्याच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडवर. फोकसच्या चाकाला बोट लावलं की चित्र थरथरायला लागतं आणि ते शांत होईपर्यंत गुरू फ्रेममधून निघून गेलेला असतो, कारण पृथ्वी काही आपल्यासाठी थांबत नाही. परत नळी हलवा, परत थरथर, परत थांबा. मोठा माणूस दम धरेल, पण सहावीतली मुलगी किती वेळ धरेल? काकांची दुर्बीण आता बेडच्या वर माळ्यावर गेलीये आणि त्यात काकांचा काहीच दोष नाही, विकणाऱ्याने काच चांगली देऊन पाय मात्र कामचलाऊ दिले. हीच नळी दणकट स्टँडवर असती तर अजून चालू असती, म्हणून ७० मिमी वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही.

टेबलटॉप डॉबमध्ये ही भानगडच नाही. खाली लाकडाची (खरं तर पार्टिकल बोर्डची) गोल बैठक, त्यावर एक उभी बाजू, त्या बाजूला नळी अडकवलेली. वर-खाली करायला एक नॉब कमी-जास्त घट्ट करायचा, आणि डावी-उजवीकडे फिरवायची तर ती जात्यासारखी गोल फिरते, तितकीच जड, तितकीच सरळ. ढकलली की जाते, सोडली की थांबते. माझी लेक पहिल्याच आठवड्यात स्वतःची स्वतः गुरू शोधून फ्रेममध्ये धरून ठेवायला लागली, मला "आई तू हात नको लावू" म्हणायला लागली. यापेक्षा वेगळं सर्टिफिकेट मला तरी नको.

या डॉब्सोनियन प्रकाराची गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये आणि मला ती मनापासून आवडते म्हणून सांगतेच. जॉन डॉब्सन, जन्म १९१५, बीजिंगचा, वाढला अमेरिकेत, आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेतल्या मठात साधू म्हणून दाखल झाला. मठात राहून त्याने टाकाऊ काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या, प्लायवूडची साधी खोकी केली आणि रात्री रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवायला लागला. १९६७ मध्ये मठ सुटला, पण रस्त्यावरचं दाखवणं पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. २०१४ मध्ये तो गेला. मोठा आरसा गरिबालाही परवडावा म्हणून स्टँड जितका साधा करता येईल तितका साधा करायचा, सगळा पैसा आरशात घालायचा, ही त्याची पद्धत. पंधरा हजारात आज आपल्याला ११४ मिमीचा आरसा मिळतोय तो याच पद्धतीमुळे, नाहीतर त्याच पैशातले निम्मे गिअर, स्क्रू आणि तिपाईत गेले असते.

आता ते "५२५ पट" प्रकरण. किती पट मोठं दिसणार हे एकट्या दुर्बिणीवर नाही, आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगावरही ठरतं. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ, झालं गणित. आमची ५०० ची, सोबत २५ मिमी आणि १० मिमी असे दोन आयपीस आले, म्हणजे २० पट आणि ५० पट. ऐकायला कमी वाटतं ना? गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण वीस पटीच्याच दुर्बिणीतून, आणि त्याची भिंगं आपल्या आरशापेक्षा कितीतरी लहान आणि कितीतरी सदोष होती. कुठल्याही दुर्बिणीची वरची मर्यादा ढोबळ मानाने आरशाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे ११४ ला साधारण २२५ पट, आणि तेही हवा एकदम शांत असेल त्या रात्री. त्यापुढे नुसता अंधूक डाग मोठा होत जातो. मग ७६ मिमीच्या दुर्बिणीवर ५२५ कुठून येतं? तर ७०० ची नळी, ४ मिमीचा आयपीस आणि वर ३ पटीचं प्लॅस्टिकचं बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) लावलं की कागदावर ५२५ येतं. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण आकडा मात्र खराच असतो, म्हणून तक्रार तरी काय करणार.

बघायचा आकडा एकच, ॲपर्चर, म्हणजे आरशाचा किंवा भिंगाचा व्यास. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिमी उघडते, ११४ चा आरसा त्याच्या अडीचशे पटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. ७० आणि ११४ मध्ये आकड्यात फार फरक वाटत नाही पण क्षेत्रफळात तो अडीच पटीच्या आसपास जातो (आरशाच्या वाटेत छोटा आरसा येतो त्याची थोडी वजावट धरून). तारकागुच्छ बघताना हा फरक सरळ डोळ्यांना कळतो.

अजून एक गोष्ट तपासा, ही फसगत जरा छुपी असते. नळी जेमतेम अर्ध्या मीटरची आणि लेबलवर फोकल लेंथ १००० लिहिलेली असेल तर फोकसरच्या आत एक जादा भिंग बसवलेलं असतं, त्याला बर्ड-जोन्स प्रकार म्हणतात. ११४/१००० आणि १२७/१००० अशा नावाने त्या दुर्बिणी सगळीकडे दिसतात, सोबत मोठा भारदस्त इक्वेटोरियल माउंट असतो, फोटोत एकदम प्रोफेशनल वाटतं. त्या स्वस्तातल्या जोडभिंगामुळे चित्र मऊ पडतं आणि कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) करायचं म्हटलं की डोक्याला ताप. आणि इक्वेटोरियल माउंट आपल्याकडच्या नवशिक्याला तर नकोच नको. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावावा लागतो, आपल्या महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सोळा ते बावीस अंशांवर, पुण्यात साडेअठरा, म्हणजे शहरात तो हमखास समोरच्या बिल्डिंगच्या मागे असतो. वर इतक्या कमी कोनात माउंट वाकवला की वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला जाऊन आपटतो. हे माउंट जिथे ध्रुव आकाशात बराच वर असतो तिथल्या लोकांना सोयीचे.

विकत कुठून घेतली, तर एका मोठ्या ऑनलाइन साइटवर स्वस्त दिसत होती, तिथे प्रश्न विचारला की आरसा पॅराबोलिक आहे का, उत्तर आलं "येस मॅडम ग्लास मिरर". मग फक्त दुर्बिणीच विकणाऱ्या एका छोट्या डीलरला फोन लावला. त्याने आधी मलाच विचारलं, बघणार कुठून, गच्ची का गॅलरी, गाडी आहे का, किती मजले चढवायचीये. गॅलरीतून बघणार असतो तर बायनॉक्युलरच घ्या म्हणाला असता, असं स्पष्ट बोलला. आरसा पॅराबोलिक असल्याचं बिलावर लिहून दिलं. ५०० च्या नळीला ११४ चा आरसा म्हणजे f/४.४, (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास), इतक्या वेगवान, म्हणजे कमी f आकड्याच्या दुर्बिणीत आरसा नुसता गोलाकार वक्र असेल तर ५० पटीच्या पुढे चित्र कधीच टोकदार होत नाही, म्हणून हे विचारून घेणं फार महत्त्वाचं. साइटपेक्षा हजारभर रुपये जास्त गेले आणि ते मला मुळीच जास्त वाटले नाहीत. कुरिअरमध्ये रेड डॉट फाइंडरची (लाल ठिपक्याने नेम धरायच्या छोट्या साधनाची) बॅटरी डेड निघाली, तेवढं सोडलं तर सगळं जिथल्या तिथे.

जोडायला काही लागतच नाही, नळी आणि बैठक जोडूनच येते, फाइंडर सरकवला की झालं. पण फाइंडर दिवसाउजेडी जुळवा. लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी, निदान किलोमीटरभर लांबची, २५ च्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि मग लाल ठिपका त्याच टोकावर येईपर्यंत फाइंडरचे स्क्रू फिरवा. रात्री अंधारात हे करायला गेलात तर पहिली रात्र त्यातच संपेल. चित्र उलटं दिसणार, घाबरू नका, आरशाच्या दुर्बिणीत ते तसंच असतं आणि आकाशात वर-खाली काही नसतंच. पण पक्षी बघायला घेणार असाल तर ही दुर्बीण नको.

आणि दिवसा जुळवताना मुलांना एकटं सोडू नका. सूर्याकडे दुर्बीण वळली आणि कुणी डोळा लावला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, यात अतिशयोक्ती नाही. काही स्वस्त सेटबरोबर आयपीसला फिरवून बसवायचा काळा सन फिल्टर देतात, तो हातोडीने फोडून कचऱ्यात टाका. सगळ्या आरशाने गोळा केलेली उष्णता त्या बोटभर काचेवर येते आणि ती तडकते, डोळा लावलेला असतानाच. सूर्यासाठी फिल्टर लावायचा तो नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा, आणि तोही दर वेळी उजेडात धरून भोक पडलंय का बघून.

आता दिसतं काय. चंद्राबद्दल किती लिहू असं होतं. पौर्णिमेचा चंद्र बघू नका, तो सपाट आणि डोळे दिपवणारा असतो, अष्टमीच्या आगेमागे बघा. उजेड-अंधाराची सीमारेषा असते ना, तिथे सूर्य नुकताच उगवत असतो म्हणून विवरांच्या कडांच्या लांबच लांब सावल्या पडतात. क्लेव्हियस या मोठ्या विवराच्या पोटातली छोटी विवरं ५० पटीत मोजता येतात, कोपर्निकसच्या भिंती पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात आणि दुसऱ्या रात्री सीमारेषा पुढे सरकली की तीच जागा ओळखू येत नाही. मुलीने वहीत रोज एकाच विवराचं चित्र काढलं होतं, सावली कशी आखूड होत गेली ते.

गुरू हिवाळाभर पुरला. चार चंद्र २० पटीतच दिसतात, ५० ला दोन पट्टे स्पष्ट. संध्याकाळी बघितलं आणि जेवून परत वर गेलं तर आयो जागचा हललेला असतो, त्याला गुरूभोवती फिरायला दोन दिवसही लागत नाहीत. शनीबाबत आधीच सांगून ठेवते, सध्या फोटो बघून अपेक्षा ठेवू नका. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी पृथ्वीवरून बरोब्बर कडेवर आली होती, दर पंधरा वर्षांनी वगैरे येते तशी, आणि नोव्हेंबरमध्येही ती इतकी अरुंद होती की गोळ्यातून आरपार एक बारीक रेघ एवढंच दिसायचं. कुणाला वाटेल दुर्बीण खराब आहे, दुर्बीण खराब नाही, कडीच तशी आहे. पुढची काही वर्षं ती उघडत जाणार, तेव्हा शनीसाठी घेणाऱ्यांना वेळ उत्तमच आहे. शुक्राच्या कला मात्र अगदी सहज, चंद्रासारखी कोर दिसते आणि घरातल्या सगळ्यांना ते बघून आश्चर्य वाटतं.

पुण्यातून मृगातला तेजोमेघ, एम ४२, दिसतो, राखाडी पंखा पसरल्यावानी, आणि त्याच्या मध्यात चार ताऱ्यांचा चौकोन ५० पटीला सुटा. रंग दिसणार नाहीत, ते कॅमेऱ्याला दिसतात. कृत्तिका २० पटीत अख्ख्या फ्रेममध्ये मावतात हा तर या छोट्या फोकल लेंथचा मोठाच फायदा, लांब नळीवाल्यांना त्या तुकड्या-तुकड्याने बघाव्या लागतात. देवयानी दीर्घिका शहरातून म्हणजे एक फिकट डाग, तोही कुठे आहे ते माहीत असेल तर.

खरी दुर्बीण कळली ती गावाकडे. शिखर शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेला आम्ही जातो, शंभू महादेवाचं लग्न अष्टमीला, म्हणजे संध्याकाळी डोक्यावर अर्धा चंद्र, मध्यरात्रीनंतर तो मावळला की मिट्ट काळोख. माण म्हणजे दुष्काळी पट्टा, पावसाने तोंड फिरवलेला, पण त्याच कोरड्या हवेने आकाश काय दिलंय म्हणून सांगू. एसटीत मांडीवर घेऊन नेता आली ही दुर्बीण, लोखंडी तिपाईवाली नेता आली नसती. अंगणात लाकडी बाजेवर नाही ठेवायची बरं का, हलते, आम्ही जनावरांच्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदाचा कठडा वापरला, त्याच्याइतकी पक्की जागा शोधून सापडायची नाही.

आत्याला सप्तर्षीतली अरुंधती दाखवली. सत्तरीच्या पुढची आहे ती, तिच्या लग्नात भटजींनी दाखवलेली तेव्हाची तिला आठवते, हल्ली नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही म्हणाली. वसिष्ठावर दुर्बीण धरली, बाजूला अरुंधती लांब, एकाच फ्रेममध्ये. तिने डोळा लावला, जरा वेळ गप्प, मग म्हणाली, "अगं, ह्यो मोठा तर दोन हायत की गं! एकाला चिकटून दुसरा." आणि बरोबर आहे, वसिष्ठ, ज्याला मिझार म्हणतात, तो दुर्बिणीतून जोडतारा दिसतो, दोघांमध्ये साधारण १४ विकलांचं (एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) अंतर, या दुर्बिणीला ते सहज फोडता येतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं आधी. तिचं तिला दिसलं. नंतर शेजारच्या बायकांना बोलावून तीच दाखवत होती, "फिरकी हळू फिरव, डोळा टेकवू नको" असं सगळं शिकवत.

चंद्र मावळल्यावर दक्षिणेकडे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ बघितला. माणमधून तो क्षितिजावर पंचवीसेक अंश येतो, युरोपातल्या बहुतेक ठिकाणी तर तो उगवतच नाही. आधी नुसता धुरकट गोळा, मग डोळे अंधाराला सरावले, सरळ बघायच्या ऐवजी जरा कडेने बघितलं, आणि त्याची कड दाणेदार व्हायला लागली. लाखो तारे आहेत त्यात. दक्षिणेकडचं हे आकाश आपल्याला फुकट मिळालंय आणि आपण ते वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेतच. नाव टेबलटॉप पण टेबल आपण आणायचं. प्लॅस्टिकचं स्टूल चालत नाही, खुर्ची चालत नाही, आमच्या गच्चीवर टाकीचा काँक्रीटचा ओटा आहे म्हणून निभावलं, नाहीतर सुताराकडून तीन पायांचं जाडजूड लाकडी स्टूल करून घ्या, तीन पायांचंच, चौथा पाय गच्चीच्या उतारावर कायम अधांतरी राहतो. गच्चीच्या कठड्यावर कधीच ठेवू नका, खाली माणसं असतात. दुसरं, बरोबर डोक्यावरचं काही बघायचं तर नळी उभी होते आणि फिरवायला अवघड जाते, अशा वेळी तासभर थांबून तो तारा कलल्यावर बघायचा. फोकसर प्लॅस्टिकचा आहे, थोडा ढिला, ५० पटीपर्यंत त्रास नाही पण त्यापुढे हलकेच फिरवावा लागतो. आणि फ्रेमच्या कडेचे तारे शेपटीवाले दिसतात, f/४.४ ला ते व्हायचंच, मधलं चित्र उत्तम असतं.

कोलिमेशन म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, याला लोक उगाच घाबरतात. एसटीच्या प्रवासानंतर ते हललं होतं. तपासायचं कसं, तर एखादा ठळक तारा मधोमध घ्या आणि फोकस थोडा बिघडवा, ताऱ्याची गोल चकती होते आणि मध्ये काळं वर्तुळ दिसतं. ते काळं वर्तुळ बरोबर मध्यात असेल तर ठीक, एका बाजूला गेलं असेल तर मागचे स्क्रू चिमूटभर फिरवायचे, तारा परत मध्यात आणायचा आणि परत बघायचं. शेशायर नावाचं छोटं साधन मिळतं, ते असेल तर दिवसाही जमतं. स्वस्त लेझरच्या नादी लागू नका, तो लेझरच आधी वाकडा असतो.

अजून एक आपल्याकडची गोष्ट, गच्चीचा स्लॅब. दिवसभर तापलेला असतो, रात्री नऊ-दहापर्यंत वाफा सोडत राहतो आणि गुरू उकळत असल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात तर विचारूच नका. उशिरा बसा, किंवा आधी बादलीभर पाणी मारून ठेवा. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर ठेवा म्हणजे आरसा हवेइतका गार होतो. ग्रहांसाठी एक ६ मिमीचा रुंद दृश्याचा आयपीस जरूर घ्या, ८३ पट होते, सोबत आलेल्या १० मिमीपेक्षा त्यात डोळा ठेवायलाही सोपं जातं. दुसरं काहीही लगेच घेऊ नका. मून फिल्टर, रंगीत काचांचा सेट, ॲल्युमिनियमची बॅग, कशाचीच गरज नाही. मोबाइलवर आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम ॲप लाल उजेडावर ठेवून वापरा.

पावसाळ्याची मात्र काळजी घ्या, जून ते सप्टेंबर ही आपल्याकडच्या दुर्बिणीची खरी परीक्षा. कोकणात आणि मुंबईत तर आरशाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. दोन्ही टोकं झाकून, आयपीस काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह आयपीस ठेवा आणि नळीत पण एक मोठी पुडी टाका, ती पुडी महिन्याने बदला. कपाटात भिंतीला लावून ठेवू नका. आणि आरशावर धूळ दिसली म्हणून फडक्याने पुसू नका, धुळीने काही बिघडत नाही, पुसण्याने कोटिंगवर ओरखडे पडतात ते कायमचे.

कुणी घेऊ नये? ज्यांना फक्त दीर्घिकांचे रंगीत फोटो काढायचेत त्यांनी, कारण ही हाताने ढकलायची दुर्बीण आहे, चंद्राचे मोबाइल फोटो मस्त येतात पण तेवढेच. ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे आणि समोर हॅलोजन आहे त्यांनी. आणि ज्यांची आवड टिकेल की नाही याची खात्री नाही त्यांनी आधी १०x५० चा बायनॉक्युलर घ्यावा, तो घरात कधीच वाया जात नाही.

आणि पैसे टाकायच्या आधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, टिळक स्मारक मंदिरात, त्यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात. मुंबईकरांना खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम जवळ, कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. तिथे वेगवेगळ्या मापाच्या दुर्बिणी शेजारी-शेजारी लावलेल्या असतात, एकाच रात्री सगळ्यांतून तोच गुरू बघितला की आकड्यांचा अर्थ आपोआप लागतो, आणि जुनी दुर्बीण विकायची असलेली माणसंही तिथेच भेटतात. जुन्यात घेणार असाल तर टॉर्च तिरपा धरून आरसा बघा, जाळीदार पांढरे डाग असले तर ती बुरशी समजा आणि कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या. नवीच घ्यायची असेल तर आता पावसाच्या तोंडावर कशाला, गणपती-नवरात्र होऊ द्या, आकाश मोकळं झालं की ऑर्डर करा.